जेसीबी बोलावण्याआधी जागा कशी तपासायची

जागा घेतली की पुण्यातला माणूस पहिला फोन जेसीबीवाल्याला करतो. ‘जरा साफ करून घेऊ, मग काय ते नीट दिसेल.’ मग आर्किटेक्ट येतो, मोजणी होते, कुंपण पडतं, पाया निघतो आणि दोनेक वर्षांनी घरातल्या कुणालातरी वाटतं की निसर्गासाठी पण काहीतरी केलं पाहिजे, दोनशे झाडं लावू. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि अशा जागांची पाहणी करून पोट भरते, त्यामुळे मला फोन येतो तो या टप्प्याला. तो पहिला यावा, किंवा यायची गरजच पडू नये, म्हणून हे लिहितेय. सासवड, मुळशी, भोर, शिरूर, कुठेही तुमची एक एकर असो की दहा, बांधकामाआधी तिथं काय जगतंय आणि कितपत धड जगतंय हे तुम्ही स्वतः बऱ्यापैकी तपासू शकता.

आपल्याकडे कायदा हे सगळ्यांना विचारत नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या घरात गेलं की २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. बंगला, फार्महाउस, छोटं प्लॉटिंग यांना ती लागत नाही. शहरात झाड तोडायचं तर १९७५ चा वृक्ष कायदा आडवा येतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. म्हणजे झाडं तरी मोजली जातात. गवत, कातळ, ओढ्याकाठची झुडपं यांच्यासाठी अर्जात रकानाच नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची खरी दौलत मात्र गवतात आहे, आणि सरकारी नकाशात तीच बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून रंगवलेली सापडते.

इंग्लंडमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना एक अट आहे, लहानांना त्याच वर्षीच्या एप्रिलपासून: काम झाल्यावर जागेचं जैवविविधतेचं मूल्य आधीपेक्षा किमान १० टक्के वाढलेलं हवं, आणि ते ३० वर्षं सांभाळायचं. त्यासाठी त्यांनी गुण देण्याची एक पद्धत बसवली आहे. तिथली कुरणं वेगळी, आपला माळ वेगळा, पण हिशोबाचा सांगाडा उपयोगी आहे. पुढे मी तोच उसना घेतलाय.

आधी कागद

सातबारा काढा आणि पोटखराबा बघा. लोक तिथं नुकसान बघतात, मी तिथूनच सुरुवात करते. पोटखराब म्हणजे जिथं नांगर चालला नाही ती जमीन: कातळ, उतार, ओढा. नांगर चालला नाही म्हणजे मातीतले कंद, गवताचे जुने बुंधे, वारुळं जागच्या जागी आहेत. मग सॅटेलाइटची जुनी चित्रं बघा. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं सहज दिसतात. एक मार्चमधलं आणि एक ऑक्टोबरमधलं शेजारी ठेवलं की कुठला तुकडा दर उन्हाळ्यात काळा पडतो म्हणजे जाळला जातो, कुठं मार्चमध्येही हिरवं राहतं म्हणजे पाणी झिरपतं, हे घरबसल्या कळतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर ओढे असतात. त्यातला एखादा आज जागेवर दिसत नसेल तर तो गेलेला नसतो, कुणीतरी बुजवलेला असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने शहराला हे समजावून सांगितलं.

शहराच्या हद्दीत किंवा कडेला असाल तर जागा बीडीपीच्या (जैवविविधता उद्यानाच्या) आरक्षणात किंवा डोंगरमाथा-डोंगरउतार पट्ट्यात येते का ते पाहा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही मागा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमायला लावली आहे, त्या समितीने ही नोंदवही करायची असते. काही नोंदवह्या मनापासून केलेल्या असतात, काही एकमेकींवरून उतरवलेल्या. दोन पानं चाळली की कळतं.

आणि या सगळ्याआधी ‘साफ’ करू नका. इंग्लंडमध्ये लोकांनी मूल्य कमी दाखवायला आधीच जागा खरवडून ठेवू नये म्हणून सरळ तारीख घातली आहे: ३० जानेवारी २०२० नंतर जागेची मुद्दाम नासधूस झाली असेल तर नासधुशीआधीची स्थिती धरूनच हिशोब होतो. आपल्याकडे असं कुणी धरणार नाही, म्हणून हे शहाणपण आपलं आपण पाळायचं.

कधी जायचं

एका फेरीत माळ कळत नाही. एप्रिलमध्ये तो मेलेला दिसतो, ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं म्हणून सगळंच चांगलं वाटतं. पावसाळा लागून थोडे दिवस झाले की पहिली फेरी मारा. गवत घोट्याएवढं असतं तेव्हाच पांढरी मुसळी, आषाढ आमरी ही कंदवाली मंडळी फुलून घेतात. पुढे गवत वाढलं की त्यांच्यावरून चालत गेलात तरी दिसत नाहीत. दुसरी फेरी भाद्रपदात, गवताला तुरे आले की. गवत तुऱ्यावर ओळखायचं असतं, पात्यावर ओळखणारे तज्ज्ञ वेगळे. तिसरी थंडीत, पाहुण्या पक्ष्यांसाठी: भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी माळावर जमिनीलगत घिरट्या घालतात आणि रात्री गवतातच उतरतात. चौथी उन्हाळ्यात, सकाळी लवकर. माळटिटवी उघड्या जमिनीवर चार खडे सरकवून अंडी घालते. ज्या तुकड्याला तुम्ही ‘काहीच नाही तिथं’ म्हणत होता, नेमकी तिथंच.

एवढा वेळ नसेल तर निदान पहिल्या दोन फेऱ्या सोडू नका. आर्किटेक्टचं ड्रॉइंग तोवर थांबू शकतं. बँकेचा हप्ता थांबत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते.

तुकडे पाडा

जागेला सरसकट एक शेरा देणं ही सगळ्यात मोठी गफलत. नकाशावर पेन्सिलीने तुकडे पाडा: गवताळ माळ, कातळ, जुनं शेत, बांध, लावलेली झाडं, ओढा. तुकड्याची हद्द सरळ रेषेत येत नाही, येऊ देऊ नका. मग प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा.

गवतासाठी मी अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो वापरते. जोडले की एक मीटर बाय एक मीटरची चौकट, सुटी केली की पिशवीत. चौकट चांगल्या दिसणाऱ्या जागी टाकायचा मोह होतो, म्हणून पावलं ठरवून घ्या. दर तीस पावलांवर जिथं पडेल तिथं. आत काय बघायचं: गवताचे बुंधे किती आणि किती जातींचे, फुलझाडं किती जातींची, उघडी माती किती, तण किती, जळल्याच्या खुणा, लेंड्या. नावं येत नसतील तर ‘गवत अ’, ‘गवत ब’ लिहा आणि तुऱ्याचा फोटो काढा. जाती किती हे आधी महत्त्वाचं, नावं नंतर मिळतात.

दिवे घाटाच्या वरच्या बाजूची भाद्रपदातली एक चौकट सांगते. पवन्याचे चार बुंधे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्यांच्या मध्ये मारवेल. एका कोपऱ्यात कुसळी, तुरे अजून ओले आणि एकमेकांत गुंतलेले. बुंध्यांच्या मधल्या मोकळ्या मातीत कवल्याची पिवळी फुलं आणि विष्णुक्रांताचे निळे ठिपके. एका दगडाला टेकून कोळ्याचं नरसाळ्यासारखं जाळं, तोंडाशी कोळी बसलेला. मी वाकले तसा आत पळाला. एकाच चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या अकरा जाती. तिथून रस्ता ओलांडला, जिथं कुणीतरी मुरमाचे डंपर ओतले होते, की चौकटीत रानतुळस, गाजर गवत आणि नारिंगी कॉसमॉस. बस. दिवाळीच्या आधी या कॉसमॉसमध्ये फोटो काढायला गर्दी होते. रंग सुरेख, पण तो इथला नाही, आणि त्याच्याखाली गवताचं बी उजेडाला मुकतं.

गवताची एक उतरंड लक्षात ठेवा. पवन्या आणि मारवेल भरपूर म्हणजे स्थिती चांगली. जनावरं जास्त चरली किंवा दरवर्षी आग लागली की कुसळीचं राज्य येतं. त्याच्याही खाली गेलं की बुटकी कुसळं, तरोटा आणि उघडा मुरूम. पण कुसळीला वाईट समजू नका, ती मधली पायरी आहे, तिथून वर चढता येतं. मोज्यात अडकलेलं एक वाळलं कुसळ तळहातावर ठेवून थेंबभर पाणी टाका. ते पीळ उलगडत स्वतःभोवती फिरायला लागतं. पाऊस पडला की बी असं स्वतःला मातीत घुसवून घेतं. ज्या जमिनीवर हे आपोआप चालू आहे तिथं तुम्ही काय पेरणार?

चांगली स्थिती म्हणजे काय, हे पावसावरही आहे. ताम्हिणीकडे काही हजार मिलिमीटर पाऊस, शहरात सातशेच्या आसपास, बारामती-इंदापूरकडे पाचशे. सुप्याच्या माळावर झाडं विरळ आहेत ती कुणी तोडली म्हणून नाही. तिथला तोच स्वभाव आहे, म्हणून तर शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिकलाय. तुमच्या तुकड्याची तुलना त्याच पावसातल्या जवळच्या चांगल्या तुकड्याशी करा, महाबळेश्वरशी करू नका.

कातळ वेगळा बघायचा. मुळशी-भोरकडच्या सपाट कातळावर बोटभर मातीत ऑगस्ट-सप्टेंबरात दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद अशी चिमुकली झाडं येतात आणि पाऊस संपला की संपतात. बाकी आठ महिने तिथं फक्त दगड दिसतो, आणि पार्किंगला अगदी योग्य दिसतो.

बांधाला लोक विसरतात. जुना बांध म्हणजे हिवर, बोर, बाभूळ, खाली दगडांच्या फटी. फटींत सरडे, विंचू आणि त्यांना खाणारे साप. विहीर असेल तर बुजवण्याआधी दुपारी हळूच डोकावा, कपारीत घुबड बसलेलं असू शकतं. ओढ्याला करंज, उंबर, वाळुंज, निर्गुडी असतील आणि पाण्यावर चतुर-टाचण्या दिसत असतील तर काठ अजून जिवंत आहे. नुसतं पाणकणीस माजलं असेल तर वरून कुणाचं तरी सांडपाणी येतंय का ते शोधा.

टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडिया), लागवडीला गुण देताना हात आखडता घ्या. उंदीरमारीच्या दाट लागवडीखाली पालापाचोळा असतो, बाकी फारसं काही नसतं. लांबून हिरवीगार दिसते म्हणून तिचं मूल्य वाढत नाही. उलट माळावर एकटा उभा असलेला हिवर किंवा पळस मी ठळक खूण करून नोंदवते.

माणसांना विचारा

प्राणी बघायला तुम्ही जाता तेव्हा ते नसतात. जो रोज तिथं असतो त्याला विचारा. सासवडकडे एका माळावर मी चौकट टाकून बसले होते, तर मेंढरं वळवत एक म्हातारे धनगरमामा आले. ‘झाडं मोजाया आलाय व्हय ताई?’

‘गवत मोजतेय, मामा.’

ते हसले, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग वाईच वर या की. खोकडाचं घर दावतो.’

वर गेलो तर ताज्या मातीचे ढिगारे, तीन तोंडांचं बीळ, बाहेर नाकतोड्यांचे पाय आणि बोराच्या बिया असलेली विष्ठा. चौकटीने हे मला कधीच सापडलं नसतं. मामांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: पलीकडच्या बंद पडलेल्या खाणीत तरस आहे, आणि लांडगा थंडीत ओढ्याच्या वाटेने येतो. ओढ्याची वाट म्हणजे कुंपण कुठं घालायचं नाही, हे तिथंच ठरलं. बीळ कुठं आहे हे मात्र फोटोसकट ग्रुपवर टाकू नका.

आता हिशोब

इंग्लंडच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र हेक्टरमध्ये घेतात आणि त्याला दोन मुख्य आकड्यांनी गुणतात. पहिला वेगळेपणाचा: ०, २, ४, ६ किंवा ८. डांबर-काँक्रीटला शून्य, दुर्मिळ अधिवासाला आठ. दुसरा स्थितीचा: वाईट १, मध्यम २, चांगली ३. शिवाय जागा मोक्याची असेल तर १.१ ने, आणि स्थानिक आराखड्यातच निसर्गासाठी महत्त्वाची ठरली असेल तर १.१५ ने गुणतात. ओढे ते लांबीने वेगळे मोजतात, म्हणून तो इथं बाजूला ठेवते. आपल्याकडच्या माळाला किती गुण द्यायचे याचा सरकारी तक्ता नाही. मी न नांगरलेल्या माळाला ६ देते, जुन्या शेताला आणि गिरिपुष्पाला २.

समजा पाच एकर आहेत, म्हणजे साधारण २ हेक्टर. माळ ०.८ हेक्टर, मध्यम स्थिती: ०.८ × ६ × २ = ९.६. पडीक शेत ०.८ हेक्टर, वाईट स्थिती: ०.८ × २ × १ = १.६. गिरिपुष्प ०.४ हेक्टर, मध्यम: ०.४ × २ × २ = १.६. एकूण १२.८, आणि दहा टक्के वाढ म्हणजे १.२८ ची भर.

घर, रस्ता, टाकी मिळून ०.३ हेक्टर जाणार आहे. ते पडीक शेतात बसवलं तर ०.६ गेले. वाढीसकट १.८८ भरून काढायचे. माळावर बसवलं तर ३.६ गेले, म्हणजे ४.८८ भरून काढायचे. आणि बहुतेकांना माळावरच हवं असतं, कारण तिथून पुरंदर दिसतो.

भरून काढायचं कुठून? उरलेला माळ मध्यमवरून चांगल्या स्थितीला आणून. पहिल्या पर्यायात ०.८ हेक्टर शिल्लक आहे: ०.८ × ६ × १ = ४.८. पण सुधारणा जमेलच असं नाही आणि लगेच होत नाही, म्हणून ती पद्धत कापून घेते. मध्यम अवघड कामाला ०.६७, आणि दर वर्षाच्या उशिराला साडेतीन टक्के. दहा वर्षं लागतील असं धरलं तर सुमारे ०.७. म्हणजे ४.८ × ०.६७ × ०.७ = २.२५. गरज १.८८ ची होती, जमलं. दुसऱ्या पर्यायात माळ ०.५ हेक्टरच उरतो, त्यातून जेमतेम १.४१ निघतात आणि हवेत ४.८८. बाकीच्या जागेत काहीही केलंत तरी ही तूट भरता भरत नाही. घर दीडशे फूट सरकवलं की जे साधतं ते नंतर हजार रोपांनी साधत नाही, हे क्लायंटला पटवायला मला या दोन ओळींइतकं दुसरं काही कामाला आलेलं नाही.

एक गोष्ट या गुणाकारात घालायचीच नाही: जी परत करता येत नाही ती. तिकडे प्राचीन वनांसारखे अधिवास दहा टक्क्यांच्या हिशोबाबाहेर ठेवलेत. मी कातळ आणि खोकडाच्या बिळांचा माळ तसा ठेवते. नकाशावर त्याला लाल पेन, आणि त्याच्यावर चर्चा नाही.

सुधारणा म्हणजे काय करायचं

माळावर खड्डे घेऊ नका. पाच जूनला फोटोसाठी माळ खणण्याची जी हौस आहे तिने जितका माळ गेलाय तितका शेळ्यांनी खाल्ला नसेल. रानतुळस, कॉसमॉस, गाजर गवत फुलायच्या आत, पाऊस चालू असताना उपटा. तेव्हा मुळासकट येतं. हे सलग काही वर्षं करावं लागतं, मातीत बी साठलेलं असतं. पावसाळ्यात चराई थांबवा, पण मेंढपाळाशी बोलून. बी झडून गेलं की कापणीला किंवा चराईला मोकळं करा, न कापलेलं गवत उन्हाळ्यात आगीला निमंत्रण देतं. हद्दीवर थंडी संपायच्या आत जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. पवन्या-मारवेलचं बी शेजारच्याच माळावरून गोळा करून उघड्या मुरमावर टाका. झाडं लावायचीच असतील तर पडीक शेताच्या कडेला, बांधावर हिवर-बोर, ओढ्याला करंज-उंबर. गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने विरळ करता येतं, परवानगी काय लागते ते आधी विचारून.

आणि कॉन्ट्रॅक्टर. ड्रॉइंगवरची लाल रेषा त्याच्या ड्रायव्हरला दिसत नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माळाभोवती लोखंडी पेग आणि जाड दोरी बांधा, मुरूम-खडी कुठं पडणार, मिक्सर कुठं धुणार, गाडी कुठं वळणार हे जागेवर चुन्याने आखून द्या आणि सुपरवायझरला सोबत फिरवा. सिमेंटचं पाणी उतारावरून ओढ्यात जातंय का ते पहिल्याच आठवड्यात बघा. रात्रीचे हॅलोजन माळाच्या बाजूला वळवू देऊ नका, तिथं रातवे जमिनीवर बसतात. सुरुवातीला चौकटी टाकल्या होत्या त्यांपैकी पाच-सहा जागी पेग ठोकून नंबर द्या. दर भाद्रपदात त्याच जागी तीच चौकट टाकायची, त्याच बाजूने फोटो काढायचा आणि जाती मोजून जुन्या वहीत त्याच ओळीपुढे लिहायच्या.